खांब आधी, भिंत नंतर : आमच्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापन मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
व्यवस्थापन मंडळ,
आमचे वास्तुकला महाविद्यालय, मनिला.

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात सूचनाफलकावर आपला कागद लागला. तीनच वाक्यांचा. पुढच्या सत्रापासून दुसऱ्या वर्षाचा जुन्या वास्तूंच्या मापनाचा आणि मॉडेलचा विषय संगणकीय आरेखनात विलीन होणार. तळमजल्यावरची मॉडेलशाळा रिकामी करून तिथे विद्यार्थ्यांना बसायला-उठायला मोकळी जागा होणार. आणि तिथली जुनी मॉडेलं महिनाअखेरपर्यंत ज्याची त्याने नेली नाहीत, तर त्यांची विल्हेवाट लावली जाणार.

तो विषय मी बारा वर्षं शिकवते आहे. कागद लागल्याचं मला कळलं ते एका विद्यार्थिनीने फोटो काढून पाठवला तेव्हा.

यावर मी आपल्याला इंग्रजीत दोन पत्रं लिहिली. पहिल्याची पोच आली, दुसऱ्याची तीही नाही. म्हणून हे तिसरं, उघड, आणि मराठीत. इंग्रजी आणि टागालोग प्रती आपल्या कचेरीत दिलेल्या आहेत, त्यामुळे वाचता आलं नाही ही सबब चालायची नाही. मराठीतच का, तर भांडायची वेळ आली की माणूस आपल्या भाषेवर येतो. शिवाय हा विषय शिकवायला मी ज्या जोरावर उभी राहिले, तो जोर माझ्या घरून आलेला आहे, आणि ते माझ्या माणसांना सांगायचं राहूनच गेलं होतं.

पुण्यात आमच्या वाड्यात दिवाळीला किल्ला व्हायचा. विटा-दगड रचायचे, त्यावर भिजवलेलं पोतं, त्यावर चिखल, चिखलात मोहरी-हळीव पेरायचे. एका वर्षी राजगड करायचं ठरलं. राजगडाला तीन माच्या आहेत हे पुस्तकात वाचलेलं होतंच, पण पद्मावती आणि सुवेळा करून झाल्यावर संजीवनीला अंगणात जागाच उरली नाही. ती थेट नळाच्या मोरीत जायला लागली. तेव्हा तो गड किती ऐसपैस पसरलाय ते मला समजलं. बालेकिल्ला हलवावा की नळ, यावर दोन दिवस भांडण चाललं होतं. शेवटी आजी म्हणाली, नळ हलणार नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी मनिलात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात इंट्रामुरोसमधली, म्हणजे इथल्या स्पॅनिश काळातल्या तटबंदीच्या जुन्या शहरातली, कासा मनिला हे संग्रहालय-घर बघायला गेले. खिडकी सरकवली आणि हात तिथेच थांबला. तावदानं काचेची नव्हती, शिंपल्यांची होती. गोव्यात माझ्या आजोळी शेजारच्या जुन्या घराच्या खिडक्यांना हेच शिंपले होते: चपटे, दुधी, उजेड आत सोडणारे आणि उन्हाची धग बाहेर ठेवणारे. इथे त्याला कापिस म्हणतात. दोन समुद्रांपलीकडे एकच शिंपला त्याच कामाला लावलेला बघून मला घरी आल्यासारखं झालं. पुढे कळलं की कासा मनिला हे मुळात जुनं घर नाहीच; ते १९८० च्या दशकात जुन्या धर्तीवर नव्याने बांधलेलं आहे. म्हणजे एकास एक प्रमाणातलं मॉडेलच. त्या मॉडेलने मला या देशात रुजवलं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आता मुद्द्याचं.

पहिली तक्रार ही, की आपण या विषयाला हस्तकला समजता. 'कार्डबोर्ड कापण्यात विद्यार्थ्यांचा वेळ जातो,' असं बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलेलं आहे. त्या वेळेत काय होतं ते कुणी बघायला आलं नाही, म्हणून मीच सांगते.

दर वर्षी मुलं पहिल्यांदा बाहाय ना बातो करतात, १:५० मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पन्नासाव्या हिश्शात. बाहाय म्हणजे घर, बातो म्हणजे दगड. खाली दगडी भिंतींचा मजला, त्यात घोडागाडी ठेवायचा बोळ; वर लाकडी मजला, त्याच्या सरकत्या कापिसच्या खिडक्या, खिडकीखाली वारा यायला कठड्याची छोटी झरोक्यासारखी खिडकी. आणि दर वर्षी बहुतेक मुलं खालच्या भिंती आधी चिकटवतात. नावातच दगड आहे, भिंत जाड आहे, तेव्हा वरचा मजला तिच्यावरच बसला असणार. मग वरचे खांब लावायला घेतात आणि अडतात. कारण छेदाच्या नकाशात खांब जमिनीपासून छपरापर्यंत एकसंध दाखवलेला असतो आणि यांच्या मॉडेलमध्ये त्याला खाली जायला वाटच नसते. मुलं मापं तीन-तीनदा तपासतात. नकाशा चुकलाय का, असं मला विचारतात. मी काही बोलत नाही. मॉडेल शिकवणाऱ्याला गप्प बसता आलं पाहिजे, आणि माझ्यासारख्या बडबड्या बाईला हे शिकायला चार वर्षं लागली. शेवटी रात्री कधीतरी कुणीतरी कटर घेऊन भिंती सोडवतं, आधी खांब उभे करतं, त्यावर तुळया, मग वरचा मजला, छप्पर, आणि दगडी भिंत सगळ्यात शेवटी भोवतीने लावतं. घाघरा नेसवावा तशी.

तेव्हा त्यांना कळतं की भार लाकडाच्या खांबांवर आहे. मनिलात १८६३ चा भूकंप झाला, १८८० चा झाला. दगडी भिंत फुटली, कोसळली, तरी मोलावेसारख्या कठीण लाकडाचा सांगाडा हलून-डुलून उभा राहू शकत होता. १८८० नंतर डोक्यावरची जड कौलं जाऊन पत्रे आले तेही याच भीतीपोटी. हे मी तासाला सांगितलं तर मुलं वहीत लिहून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. भिंत सोडवावी लागलेलं पोर ते विसरत नाही.

संगणकावर ही चूक होत नाही असं नाही. होते, पण पत्ता लागत नाही. पडद्यावर खांब भिंतीत आरपार घुसतो, छप्पर आधी काढून हवेत लटकवून ठेवता येतं, कुणाची काही हरकत नसते. गोंद मात्र लगेच हरकत घेतो.

आणखी एक सांगते, मग पुढे जाते. काही वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या मारावी शहराकडचा एक मुलगा वर्गात होता. २०१७ च्या लढाईत त्यांचं घर गेलं होतं. त्याने तोरोगान करायला घेतलं, मारानाओ लोकांच्या सुलतानाचं घर. जाडजूड खांब, आणि दर्शनी भागात तुळयांची टोकं बाहेर काढून त्यांवर कोरलेले नागमोडी पंख, ज्यांना पानोलोंग म्हणतात. लानाओ देल सुरमधलं कावायान तोरोगान २००८ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर झालं. याने खांब नेहमीसारखे पायाच्या फळीला चिकटवले आणि मॉडेलचा फोटो आजोबांना पाठवला. आजोबांचा उलट निरोप आला : खांब जमिनीत गाडत नाहीत, दगडांवर नुसते टेकवतात. मुलाने सगळे खांब उपटले. पासिग नदीच्या काठावरून गोल खडे वेचून आणले, एकेका खांबाखाली ठेवले आणि वर गोंदाचा थेंबही लावला नाही. मग आम्ही एक खेळ केला. प्लायवूडच्या फळीखाली गोट्या पसरल्या, फळीवर त्याचं तोरोगान ठेवलं आणि शेजारी दुसऱ्या गटाचं खांब चिकटवलेलं मॉडेल, आणि फळी गदागदा हलवली. चिकटवलेल्या घराचे दोन खांब बुडाशी मोडले. त्याचं घर खड्यांवरून बोटभर सरकलं आणि उभं राहिलं. हा काही शास्त्रशुद्ध प्रयोग नव्हे, लहान प्रमाणात वजनं आणि ताकदी तशाच राहत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. पण वर्गात कुणी बोलेना. तो मुलगा खाली वाकून, घर किती सरकलं ते पट्टीने मोजत होता.

त्या विषयासाठी आपल्या कागदावर एकच शब्द आहे : विलीन.

दुसरी तक्रार मॉडेलशाळेतल्या 'जुन्या मॉडेलां'बद्दल. ती सत्तेचाळीस आहेत. मी मोजली, कारण आपण मोजली नव्हती. त्यातली निम्मी-शिम्मी पुन्हा करता येतील आणि ती गेली तर मी रडणार नाही. काही तर इतकी वाकडी आहेत की गुण्या लावला तर गुण्याच लाजेल. पण उरलेल्यांचं तसं नाही.

कियापोच्या एका गल्लीतलं घर मुलांनी मोजलं होतं. नाक्पिल-बाउतिस्ता घर बघून परतताना वाटेत दिसलेलं. ते प्रसिद्ध घर १९१४ चं, आर्कादियो आरेयानो यांनी आखलेलं, आणि ते आता नीट जपलेलं आहे. हे मात्र साधं, कुणाचंच नाव नसलेलं. मालकीणबाईंनी चार शनिवार मुलांना आत येऊ दिलं, केळ्याचे गोड तळलेले काप खायला घातले. जिन्याच्या पायऱ्या सतरा, त्यातली पहिली दगडाची. दारांवरच्या जाळीतली वेलबुट्टी एका मुलीने आरपार दिसणाऱ्या पातळ कागदावर उतरवून घेतली आणि १:२० मध्ये कापली, जिवणीएवढ्या तुकड्यात. तीन वर्षांनी मी त्या गल्लीत गेले तर तिथे गाड्या लावायची जागा होती. पुढे एक तरुण मुलगी महाविद्यालयात चौकशी करत आली, मालकीणबाईंची नात. आजी गेली होती, घर गेलं होतं, कुणीतरी तिला सांगितलं की तुमच्याकडे त्याचं मॉडेल आहे. ती फळीसमोर अर्धा तास उभी होती. मग म्हणाली, आजीची शिवणाची मशीन या खिडकीशी असायची. आमच्या मॉडेलमध्ये मशीन नव्हती. दुसऱ्या दिवशी मुलांनी काडेपेटीची एक करून तिथे ठेवली.

कायदा त्या घराच्या बाजूने होता. २००९ चा राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा कायदा, क्रमांक १००६६, पन्नास वर्षांहून जुनी वास्तू महत्त्वाची आहे असं गृहीत धरूनच चालतो. तरी घर पडलं. कायदा नव्हता तेव्हाची गोष्ट तर विचारूच नका. ताफ्त अव्हेन्यूवरची जाय-अलाय या चेंडूच्या खेळाची इमारत १९४० ची, गोल काचेच्या दर्शनी भागाची, १९४५ च्या लढाईतून वाचलेली. तिच्यावर २००० साली या शहराने स्वतःच हातोडा चालवला. आज माझ्या वर्गात बसणारी मुलं त्यानंतर जन्मली. ती इमारत त्यांना भेटते ती आमच्या दुसऱ्या फळीवर, जुन्या छायाचित्रांवरून केलेल्या मॉडेलच्या रूपात. २१ मे २०२३ च्या रात्री मुख्य टपाल कार्यालयाला आग लागली. हुआन आरेयानोंची १९२६ ची ती स्तंभांची रांग उभी राहिली आणि आतलं सगळं जळालं. दुसऱ्या दिवशी मुलं वर्गात आली ती थेट टपाल कार्यालयाच्या मॉडेलपाशी गेली. छप्पर उचललं आणि आत बघत बसली. तास झाला नाही त्या दिवशी.

ही मॉडेलं 'ज्याची त्याने न्यावीत' म्हणता. ती कुणा एकाची नाहीत. एकेक मॉडेल सात-आठ जणांनी केलं आहे, आणि त्यातले निम्मे आज दुबई-सिंगापुरात नोकरीला आहेत. आणि १:२० चं घर जीपनीत, म्हणजे इथल्या लांबट जीपगाडीत, मावत नाही.

तिसरी तक्रार लिहिताना मला थोडं जड जातं, कारण इथे कुणाचा वाईट हेतू नव्हता. जागेची मापं घ्यायला माणसं आली तेव्हा त्यांनी चार मॉडेलं बाहेरच्या व्हरांड्यात काढून ठेवली आणि रात्री हाबागातचा पाऊस झाला. हाबागात म्हणजे इथला नैऋत्य मोसमी, आपला जूनचा पाऊसच समजा. पन्हाळीखाली बातानेस बेटांवरचं इवातान लोकांचं घर होतं. ती बेटं वादळांच्या वाटेवर. म्हणून तिथे चुन्यात बांधलेल्या हातभर-दोन हात जाडीच्या दगडी भिंती आणि त्यांवर गवताचं इतकं जाड, बांधून काढलेलं छप्पर, की वाऱ्याला बोट शिरकवायला फट मिळू नये. मुलांनी ते छप्पर वालिस ताम्बो नावाच्या इथल्या मऊ केरसुणीचं गवत सोडवून, थरावर थर देऊन शाकारलं होतं. सकाळी भिंतींचा लगदा झाला होता. छप्पर मात्र आख्खंच्या आख्खं त्या लगद्यावर बसलेलं, आतून कोरडं. सफाईवाल्या मानोंगनी ते मला उचलून दाखवलं आणि म्हणाले, मॅम, हे तर अजून चांगलं आहे. माझी तक्रार मापं घेणाऱ्यांबद्दल नाही. मॉडेल हलवताना मला एक फोन करावा, हे वरच्या मजल्यावर कुणालाच सुचलं नाही, याबद्दल आहे.

चौथी तक्रार छोटी आहे आणि तिला थोडा खवचटपणा आहे, माफ करा. प्रवेशद्वाराशी काचेच्या पेटीत आपण सान आगुस्तिन चर्चचं नवं मॉडेल ठेवलं आहे. बाहेरून करवून घेतलेलं, लेझरने कापलेलं, दिवे लावलेलं. देखणं आहे, नाही म्हणत नाही. खाली पाटी आहे : 'सान आगुस्तिन, आज'. १६०७ मध्ये पुरं झालेलं हे चर्च. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या लढाईत अख्खं इंट्रामुरोस बेचिराख झालं आणि हे तेवढं उभं राहिलं. पण त्याला आज एकच मनोरा आहे. भूकंपांनी खिळखिळा झालेला दुसरा मनोरा १८८० नंतर उतरवून टाकला. पेटीतल्या मॉडेलला दोन आहेत, एकमेकांची आरशातली प्रतिमा असावी तसे. यंत्राला अर्धा नकाशा दिला आणि उलटा करून चिकटवला, एवढंच. ही चूक शिक्षकांच्या लक्षात आली नाही. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या आली, कारण आदल्या सत्रात ते चर्च करताना 'मॅम, दोन मनोऱ्यांचं करू की एका?' या प्रश्नावर तिच्या गटाचे तीन दिवस गेले होते.

आता आपली बाजू. तीही आहे, आणि ती मी मांडली नाही तर हे पत्र एकांगी होईल.

खर्चाचं आपण म्हणता ते खरं आहे, आणि त्यात पहिली दोषी मी. पहिल्या वर्षी मी परदेशी बाल्सा लाकूड आणायला सांगितलं. एक मुलगा पंधरा दिवस दुपारचं जेवला नाही, हे मला त्याच्या मित्राकडून कळलं. त्या दिवसापासून विकतचं लाकूड बंद. बांबू म्हणून वालिस तिंगतिंगचे, म्हणजे आपल्या हिराच्या खराट्याचे हीर. भिंतींना दुकानांतली खोकी. खांबांना वापरून धुतलेल्या चॉपस्टिक. इफुगाओ लोकांच्या घराच्या खांबांवर उंदीर चढू नयेत म्हणून ज्या लाकडी चकत्या असतात, त्यांना झाडूच्या दांड्याचे काप. कापिस मिळतो नाताळचे पारोल आकाशकंदील करणाऱ्यांकडे, त्यांच्या कचऱ्यात. पातळ तुकडा साध्या कात्रीने कापता येतो. खऱ्या खिडकीतलं एकेक तावदान साधारण तळहाताच्या मध्यभागाएवढं. १:५० ला ते दीड मिलिमीटरवर येतं आणि डोळे जातात, म्हणून खिडक्यांचा अभ्यास १:२० लाच करायचा असा नियम केला. मागच्या सत्रात एका गटाचा अख्खा खर्च दोन पिझ्झांहून कमी झाला. हिशेब माझ्याकडे आहे.

जागरणाचंही खरं आहे. इथे आरेखनाच्या कामाला मुलं 'प्लेट' म्हणतात. 'मॅम, आज रात्री तीन प्लेटा आहेत,' असं एक पोर म्हणालं तेव्हा मला वाटलं होतं बिचारं भुकेलं आहे. बोटं कापतात, तेही खरं. पण जागरण संगणकावरही होतं, आणि ते मॉडेल होतं म्हणून नाही तर सगळ्या विषयांच्या मुदती एकाच आठवड्यात पडतात म्हणून होतं. त्याचा बंदोबस्त वेळापत्रकात करा.

आणि मी संगणकाच्या विरोधात आहे अशी जी कुजबूज आहे, तिला उत्तर. इलोइलो प्रांतातल्या मियागाओच्या चर्चचा दर्शनी भाग घ्या. १७९७ चं ते काम. संत ख्रिस्तोफर खांद्यावर बाळ घेऊन नदी ओलांडतोय आणि आधाराला नारळाचं झाड धरलंय, भोवती पपई. युरोपातल्या संताला इलोइलोच्या पाथरवटाने नारळ धरायला लावला, याचं मला दर वेळी नवल वाटतं. एका गटाने तो भाग त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर छापून काढला, एका गटाने कपड्याच्या साबणात कोरला. छापलेला शंभर पटींनी सुबक होता. तो मुलांनी स्वतः छायाचित्रं काढून, संगणकावर जुळवून केला होता आणि मी त्यांना पूर्ण गुण दिले. पण पपईची पानं कुठे संपतात आणि दगड कुठे सुरू होतो, हे विचारल्यावर साबणवाल्यांनी बोट ठेवलं. छापणाऱ्यांनी पडद्यावर मोठं करून बघितलं. दोन्ही हवेत. आपण एक काढून टाकता आहात.

तेव्हा मागण्या. आधीच्या दोन पत्रांत होत्या त्याच, फक्त कमी नम्रपणे.

मॉडेलांची विल्हेवाट थांबवावी, आजच्या आज, आणि तसा कागद त्याच सूचनाफलकावर लावावा. त्यांची यादी मी आणि तिसऱ्या वर्षाची मुलं तीन आठवड्यांत करून देऊ : कुठली वास्तू, कोणत्या साली मोजली, प्रमाण काय, वास्तू आज उभी आहे का. यादी झाल्यावर जी ठेवण्याजोगी नाहीत ती मी स्वतः बाहेर काढीन.

विषय स्वतंत्र आणि सक्तीचा राहावा. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एक सत्र. संगणकीय आरेखन त्याला जोडायचं तर जोडा, पण आधी हाताने, मग पडद्यावर, या क्रमाने. मुलांचा याबाबतचा अर्ज एकशे बारा सह्यांसह आपल्याकडे जमा आहे. तो मी लिहिलेला नाही, त्यातल्या इंग्रजीवरून ते ओळखू येईल.

मॉडेलशाळेची खोलीच हवी असा माझा हट्ट नाही. मुलांना बसायला जागा हवी हेही पटतं, जिन्यावर बसून जेवतात बिचारी. दुसरी द्या. पण ती कोरडी असावी, तळमजल्याला असावी म्हणजे सामान चढवावं लागणार नाही, आणि लाकडी फळ्यांना वाळवी लागते म्हणून घोडे लोखंडी असावेत. जुन्या ग्रंथालयामागची खोली दोन वर्षं कुलूपबंद आहे. तिच्यात मोडक्या खुर्च्या आहेत. त्यांची विल्हेवाट लावायला माझी हरकत नाही.

मोजणीच्या वह्या आणि नकाशे स्कॅन करून घरमालकांना आणि त्या त्या बारांगायच्या, म्हणजे वॉर्डाच्या, कचेरीला एकेक प्रत द्यावी. २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने, क्रमांक ११९६१, सांस्कृतिक नोंदणी आणि वारसाशिक्षण या दोन्हींवर जोर दिला आहे. आपल्याकडे बारा वर्षांची नोंदणी तयार पडून आहे, फुकटात, आणि आपण ती खोक्यांसकट रस्त्यावर ठेवायला निघालो आहोत.

आणि सान आगुस्तिनच्या पाटीवरचा 'आज' हा शब्द खोडावा, किंवा एक मनोरा.

उत्तर लेखी हवं, पंधरा दिवसांत. विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि ज्यांनी आपल्या घरांची दारं आम्हाला उघडली ती माणसं ते वाचणार आहेत, हे लक्षात असू द्या. माझी नोकरी वार्षिक कराराची आहे, हेही मला ठाऊक आहे; ते कुणी वेगळं सांगायची गरज नाही.

येत्या शनिवारी सकाळी नऊपासून मी मॉडेलशाळेत आहे. इवातान घराच्या भिंती पुन्हा घालायच्या आहेत, या वेळी कागदाच्या नाही, प्लास्टरच्या. मुलं येणार आहेत. मंडळातल्या कुणीही यावं, दहा मिनिटांसाठी सुद्धा चालेल. बूट घालूनच या, जमिनीवर टाचण्या असतात.

कळावे,

आपली,
मॉडेल विषयाची शिक्षिका
मनिला